प्लेझर आयलंडचे क्लब दुपारी हरले

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा मामा २००५ च्या सुमारास ऑर्लँडोला नोकरी करायचा. दर शनिवारी रात्री तो डिस्नेच्या प्लेझर आयलंडवर, म्हणजे त्यांच्या नाइटक्लबांच्या बेटावर, जायचा. क्लबांत पाय ठेवायला जागा नसायची, असं तो सांगतो. मग २००८ मध्ये डिस्नेने ते सगळे एकदम बंद का केले? मंदी आली म्हणून? की कुटुंबांच्या कंपनीला दारूचा धंदा नकोसा झाला?"

मुख्य कारण या दोन्हींपैकी एकही नाही. पण मामा खोटं बोलत नाहीये, गर्दी असायची. गर्दी असूनही क्लब तोट्याचा कसा ठरतो हे समजून घ्यायला थोडं लांबून यावं लागेल.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं कुठल्या बाजूने येतंय ते कळेल. दादरच्या केटरिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर १९९९-२००० मध्ये दीड वर्ष मी ऑर्लँडोतल्या एका हॉटेलात ट्रेनी होते. काम बेव्हरेज कंट्रोलचं. बार बंद झाला की रात्री एकेक बाटली उचलून किती उरलीय ते बघायचं आणि बिलांशी ताळा जुळवायचा. सुटीच्या रात्री आम्ही चारपाच ट्रेनी एकाच्या खटारा गाडीतून प्लेझर आयलंडला जायचो. परत आल्यावर मी मुंबईत, दुबईत आणि आता पुण्यात बार, बँक्वेट आणि मॉलमधल्या खाण्यापिण्याच्या जागांचे करार हेच काम केलं. त्यामुळे क्लब म्हटलं की मला आधी संगीत आठवत नाही, रोजमेळ आठवतो.

मंदीचं आधी संपवते, कारण तिथे तारखाच बोलतात. क्लब बंद करणार ही घोषणा झाली २७ जून २००८ ला. शेवटची रात्र होती २७ सप्टेंबरची. ज्या बँकेच्या बुडण्याने मंदीचा भडका उडाला ती लेमन ब्रदर्स बुडाली १५ सप्टेंबरला. फ्लोरिडात घरांचे भाव आधीपासून घसरत होते हे खरं, पण जूनमध्ये जाहीर झालेला निर्णय त्याआधी कितीतरी महिने टेबलावर असतो. मंदीने केलं ते वेगळंच. क्लबांच्या जागी जे यायचं होतं ते तिने अडवून ठेवलं. नोव्हेंबर २०१० मध्ये हायपेरियन व्हार्फ नावाची नवी योजना जाहीर झाली आणि गुंडाळलीही गेली. डिस्ने स्प्रिंग्जची, म्हणजे त्या परिसराच्या आजच्या रूपाची, घोषणा व्हायला मार्च २०१३ उजाडला आणि नाव प्रत्यक्ष बदललं सप्टेंबर २०१५ मध्ये. मधल्या काळात त्या बेटावर काही इमारती पाडलेल्या, काही नुसत्याच अंधारात उभ्या. घाईघाईत खर्च कापणाऱ्याचं हे चित्र वाटतं खरं, पण पाडायचं आधीच ठरलं होतं आणि बांधायला पैसे मिळेनात, असा तो प्रकार होता.

दारूचं तर सोडूनच द्या. डिस्नेच्या तिथल्या एपकॉट पार्कात १९८२ पासून बिअर आणि वाइन मिळते. ज्या मॅजिक किंगडम पार्कात दारू मिळत नाही असं अभिमानाने सांगितलं जायचं, तिथल्या एका रेस्टॉरंटात २०१२ मध्ये वाइन आली, म्हणजे हे क्लब बंद झाल्यावर चार वर्षांनी. सोवळं पाळायचं असतं तर क्रम उलटा असता.

आता मूळ गोष्ट. प्लेझर आयलंड उघडलं १ मे १९८९ ला, ज्या दिवशी डिस्नेचा तिथला स्टुडिओ पार्क उघडला त्याच दिवशी. (त्याच वर्षी आपल्याकडे गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं. तिथे रात्री मुक्काम करायचा प्रश्नच नव्हता, शेवटची बोट चुकली की झालं.) मायकल आयझनर कंपनीच्या प्रमुखपदी होता आणि त्याला एक गोष्ट खुपत होती. दिवसभर पार्कात फिरलेले, डिस्नेच्याच हॉटेलात उतरलेले मोठे लोक रात्री गाडी काढून ऑर्लँडो शहरात चर्च स्ट्रीट स्टेशनला जायचे. बॉब स्नो नावाच्या माणसाने १९७४ पासून जुन्या रेल्वे स्टेशनाभोवती बार आणि शो यांचा संसार मांडला होता. एक तिकीट घ्या, सगळ्या खोल्यांत फिरा. डिस्नेने ती कल्पना उचलली आणि सहा एकरांच्या एका कृत्रिम बेटावर आणून बसवली.

बेटाला त्यांनी इतिहासही दिला, तोही शुद्ध काल्पनिक. मेरीवेदर प्लेझर नावाचा शिडांचं कापड बनवणारा कारखानदार १९११ मध्ये इथे आला, भरभराटला, १९४१ मध्ये समुद्रावर गेला तो परतलाच नाही. मग कारखाना ओस पडला, वादळाने झोडपला, आणि डिस्नेला तो "सापडला". इमारतींवर तशा पाट्याही लावल्या होत्या. मी गिरगावातली. माझ्या आजोबांच्या वयाचे निम्मे शेजारी गिरणीत. लोअर परळच्या खऱ्या गिरण्या बंद पडून त्यांच्या आवारात पब झाले ते मी नंतर पाहिलं, कामानिमित्त आतून पाहिलं. त्यामुळे पब काढण्यासाठी आधी एक बंद पडलेली गिरणी रचून काढणाऱ्या कंपनीचं मला आजही नवल वाटतं.

बेटावरचे क्लब येत-जात राहिले. रोलर स्केटिंगवाला क्लब वर्षभरात बदलला, कंट्री संगीताचा गेला, त्याजागी १९९८ मध्ये बीईटी साउंडस्टेज आला. पण २००८ च्या त्या शेवटच्या रात्री बंद झाले ते सहा: गोल फिरणाऱ्या डान्स फ्लोअरचा मॅनेक्विन्स, सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचा एट ट्रॅक्स, बीईटी, मोशन, उत्स्फूर्त विनोदाचा कॉमेडी वेअरहाउस आणि अ‍ॅडव्हेंचरर्स क्लब.

या शेवटच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लोक अजून हळहळतात ते त्याच्यासाठी. डिस्नेचा रचनाकार जो रोडी, ज्याने पुढे अ‍ॅनिमल किंगडम पार्क उभं केलं, त्याचा या क्लबच्या रचनेत मोठा हात होता. आत शिरलात की १९३७ सालची ३१ डिसेंबरची रात्र. जिना उतरून खाली दिवाणखाना, भिंतीभर मुखवटे, शिकारीच्या वस्तू, जगभरातून गोळा केलेलं सामान. भिंतीवरचा कर्नल अचानक बोलायला लागायचा. बारपाशी बसलात तर तुमचं स्टूल हळूहळू खाली जायला लागायचं आणि समोरचा बारटेंडर गंभीर चेहऱ्याने ग्लास पुसत राहायचा. भटके संशोधक, क्लबच्या अध्यक्षबाई, बटलर असे नट गर्दीत मिसळून फिरायचे, नव्या सभासदांना शपथ द्यायचे, ग्रंथालयात अर्ध्या अर्ध्या तासाचे प्रयोग करायचे. सगळ्यांनी हात उंचावून "कुंगालूश!" ओरडायचं. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच, निम्मे विनोद डोक्यावरून जायचे, तरी मी तिथे चार-चार तास बसलेय.

आणि माझ्यातली बाटल्या मोजणारी बाई तेव्हाच अस्वस्थ व्हायची. कारण त्या चार तासांत मी एकच पेय घ्यायचे. माझ्या आजूबाजूचेही तसेच. ज्याला शो बघायचाय तो पीत नाही, निदान बारमालकाला परवडेल इतका पीत नाही. पगारी नट, आतले तंत्रज्ञ, प्रत्येक खोलीत माणूस, आणि वसुली मात्र ग्लासामागे. नाटकाच्या तिकिटाशिवाय नाटक चालवायचं आणि चहाच्या टपरीवर खर्च भागवायचा, असं ते गणित होतं. रंगायतनच्या कँटीनच्या बटाटावड्यावर नाट्यसंस्था चालवून बघा.

मग इतकी वर्षं चाललं कसं? दारावरच्या तिकिटामुळे. सुरुवातीचा काळ सोडला तर संध्याकाळी सातनंतर बेटाच्या तोंडाशी फाटक असायचं आणि एका तिकिटात सगळे क्लब. मनगटावर पट्टा बांधायचे. साधारण वीस डॉलरचा मामला. शिवाय पार्कच्या महागड्या तिकिटांत प्लेझर आयलंडचा प्रवेश जोडून दिलेला असायचा, वार्षिक पासातही असायचा. म्हणजे क्लबात न जाणाऱ्या कितीतरी पर्यटकांच्या तिकिटातला वाटा या बेटाच्या नावाशी जोडता येत होता. फाटकाने आणखी एक काम केलं. आतला रस्ताच पार्टी झाला. रस्त्यावर स्टेज, बँड, नर्तक आणि रोज मध्यरात्री नवं वर्ष. खरोखर रोज. १९९० मध्ये सुरू झालेला हा प्रकार २००५ च्या अखेरीपर्यंत चालला. कागदाचे तुकडे उधळायचे, आतषबाजी व्हायची आणि अनोळखी माणसं एकमेकांना शुभेच्छा द्यायची. एका आठवड्यात तीनदा मी नवं वर्ष साजरं केलंय.

ज्याला मी खरा निकाल म्हणते तो २००४ मध्ये लागला. त्या वर्षी फाटक काढलं. बेटावर फुकट फिरा, फक्त क्लबात शिरायचं तर पैसे भरा.

का काढलं, ते नकाशा पाहिल्यावर कळतं. १९८९ मध्ये हे बेट एका टोकाला होतं. एका बाजूला जुनं मार्केटप्लेस, म्हणजे खेळणी आणि कपड्यांची दुकानं, आणि पलीकडे फारसं काही नाही. १९९७ मध्ये दुसऱ्या बाजूला वेस्ट साइड हा दुकानं-करमणुकीचा नवा भाग उघडला आणि सगळ्याचं मिळून डाउनटाउन डिस्ने झालं. आता बेट मधोमध आलं. मुलांना घेऊन खेळण्यांच्या दुकानातून पलीकडच्या भागात जाणाऱ्या कुटुंबाला संध्याकाळी सातनंतर सरळ रस्ता बंद, वळसा घालून जा. मॉल चालवणारा कोणीही सांगेल की मधला पट्टा सर्वात महाग असतो. इथे मधल्या पट्ट्यावरच अडसर होता.

फाटक गेल्यावर अडसर गेला, पण आधीची सारी मांडणीही गेली. तिकीट हातात असताना माणूस "आता पैसे भरलेच आहेत तर हाही बघू" म्हणत सगळी दारं ठोठावतो. फाटक नसलं की प्रत्येक दारावर नव्याने ठरवावं लागतं: इथे दहा डॉलर द्यायचे का? मग तो रस्त्यावरच उभा राहतो. रस्त्यावर फुकट उभा राहिलेला जमाव बघायला छान दिसतो, गल्ल्यात काही टाकत नाही. पुढच्या वर्षाच्या अखेरीस रोजचं नवं वर्ष बंद झालं यात मला आश्चर्य वाटलं नाही. तिकीट न घेतलेल्या प्रेक्षकांसाठी रोज फटाके कोण उडवणार?

आणि आता शीर्षकातली दुपार. फाटक असताना दिवसा बेटावर फार कोणी रेंगाळत नसे, त्यामुळे बंद दारं कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हती. रस्ता दिवसरात्र खुला झाल्यावर तिथून दुपारी दोनलाही स्ट्रोलर ढकलत जास्त माणसं जायला लागली आणि त्यांना काय दिसलं? काळ्या काचा, विझलेली निऑन, कुलपं. साधा हिशोब करा. क्लब संध्याकाळी उशिरा उघडतो, रात्री दोनला बंद होतो. चोवीसपैकी सहासात तास. त्यातही खरी विक्री साडेदहा ते दीड, तीन तास. शेजारचं दुकान किंवा रेस्टॉरंट सकाळी दहाअकरापासून रात्री अकरापर्यंत चालतं. जागा तीच, वीज-पाणी-सुरक्षा तीच, कमाईचे तास दुप्पट. मॅनेक्विन्स शुक्रवारी कितीही भरला तरी त्याच्यासमोर सोमवारपासून गुरुवारपर्यंतच्या चार दुपारी उभ्या असतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मॉलला तळमजल्यावर क्लब हवा होता. भाडं घसघशीत मिळणार होतं. मीच करार करून दिला आणि मीच चुकले. सहा महिन्यांत शेजारचा लहान मुलांच्या कपड्यांचा दुकानदार माझ्यासमोर येऊन बसला. "मॅडम, दिवसभर बाजूला शटर बंद, लोक तिथूनच मागे वळतात. माझ्यापर्यंत येतच नाहीत." बरोबर होतं त्याचं. बंद शटर स्वतःचं भाडं देतं, पण शेजाऱ्याचं गिऱ्हाईक खातं. पुढे आम्ही तो क्लब वरच्या मजल्यावर हलवला, वेगळी लिफ्ट दिली. डिस्नेच्या बेटावर वरचा मजला ही सोय नव्हती. तिथे एकामागोमाग एक सलग बंद शटर होती आणि तीही नेमकी मधल्या पट्ट्यात.

याचा पुरावा त्याच बेटावर उभा आहे. तिथे जॅझ कंपनी नावाचा क्लब होता, फक्त रात्रीचा. मला आवडायचा, शांत होता, म्हणूनच बहुधा टिकला नाही. त्या जागेत २००५ मध्ये रॅगलन रोड हा आयरिश पब आला. दुपारी तिथे मुलं मासा-चिप्स खातात, आजी-आजोबा सूप पितात. रात्री त्याच लाकडी फळ्यांवर आयरिश नाच, बँड आणि गिनीज बिअर. दारावर पट्टा नाही, तिकीट नाही. २००८ मध्ये सहाही क्लबांना कुलूप लागलं तेव्हा रॅगलन रोडला कोणी हात लावला नाही. आजही चालू आहे. नाचगाणं आणि दारू हे कारण असतं तर तोही गेला असता.

रॅगलन रोडमध्ये आणखी एक फरक आहे, तो गिऱ्हाइकाला दिसत नाही पण माझ्यासारखीला पहिल्यांदा दिसतो. तो पब डिस्नेचा नाही, बाहेरच्या मालकांचा आहे. क्लब मात्र डिस्ने स्वतः चालवायची. बारटेंडर, नट, डीजे, दारावरचे माणूस, सगळे तिच्या पगारावर आणि मंगळवारची रिकामी रात्रही तिच्याच खात्यावर. जागा भाड्याने दिली की रिकामा मंगळवार भाडेकरूचा. अशा ठिकाणच्या करारात सहसा ठरलेलं किमान भाडं असतं आणि विक्री एका आकड्यापुढे गेली की त्यातला टक्का. मालकाला छत आणि रस्ता सांभाळायचा, बाकी डोकेदुखी दुसऱ्याची. २००८ नंतर त्या जागेवर जे जे आलं त्यातलं बहुतेक असंच बाहेरच्यांचं आलं. आमच्या धंद्यात ही सर्वात कंटाळवाणी आणि सर्वात निर्णायक ओळ असते.

गर्दीबद्दल मामाला एक प्रश्न विचारा: तो मंगळवारी कधी गेला होता का? शनिवारची गर्दी कोणाची होती, तर बरीचशी त्याच्यासारख्यांची. स्थानिक नोकरदार, हॉटेलवाले, डिस्नेचेच कर्मचारी. आम्हीही त्यातलेच होतो. आम्ही सवलतीच्या पासावर शिरायचो, एक बिअर दोघांत प्यायचो आणि रात्री अडीचला हायवेवर स्वस्तातलं खाऊन घरी. आम्ही डिस्नेच्या हॉटेलात राहत नव्हतो, सकाळी तिच्या पार्कात जात नव्हतो. हॉटेलातल्या पाहुण्याला रात्री बाहेर जाऊ द्यायचं नाही, म्हणून बांधलेली जागा शेवटी बाहेरच्यांना आत आणू लागली. आणि खरा पाहुणा? तो सकाळी सातला उठून रांगेत उभा, दिवसभर दहाबारा किलोमीटर चाललेला, मांडीवर झोपलेलं पोर. आपल्याकडून जाणारे ग्रुप तर रात्री नऊला खिचडी मिळाली का एवढंच विचारतात, त्यांना कशाला दोष द्या.

डिस्नेची प्रतिस्पर्धी पार्ककंपनी युनिव्हर्सल हिने १९९९ मध्ये सिटीवॉक हा क्लब-रेस्टॉरंटांचा भाग उघडून प्लेझर आयलंडचे लोक पळवले असंही म्हटलं जातं. काही पळवले. मी तिथे होते त्या वर्षी आमची गाडीही अधूनमधून तिकडे वळू लागली होती. सिटीवॉकची जागा जास्त हुशारीने निवडलेली होती. युनिव्हर्सलच्या पार्कांतून गाडीकडे जाताना ते वाटेतच लागतं, फाटकाचा प्रश्नच येत नाही. पण तिथलाही मोठा डान्स क्लब, द ग्रूव्ह, आता नाही. त्या जागेत २०२२ मध्ये कोडी सोडवत खोलीतून बाहेर पडायचा खेळ आला, तिकीट लावून, दिवसाढवळ्या, मुलांसकट. प्रतिस्पर्ध्याकडे हरणं एक गोष्ट झाली, इथे तर प्रतिस्पर्धीही त्याच वाटेने गेला. आणि ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं ते चर्च स्ट्रीट स्टेशन त्याआधीच थकलं होतं.

डिस्नेने त्यावेळी जाहीरपणे जे कारण दिलं त्याचा सारांश असा होता की पाहुण्यांना इथे आणखी दुकानं आणि जेवणाच्या जागा हव्यात. जनसंपर्क खात्याची भाषा म्हणून लोकांनी ते उडवून लावलं. मला वाटतं ते जवळजवळ अक्षरशः खरं होतं, फक्त "दुपारी" हा शब्द त्यात राहून गेला.

माझी तक्रार एकच आहे. अ‍ॅडव्हेंचरर्स क्लबला बाकीच्या पाचांबरोबर एकाच गठ्ठ्यात बांधायला नको होतं. तो डान्स क्लब नव्हता, नाट्यगृह होतं आणि तिथे मुलांना आईबापांबरोबर आत सोडायचे. त्याला दुपारचे खेळ लावून, जेवणासकट तिकीट लावून चालवता आलं असतं. खुद्द कंपनीलाही त्याची किंमत कळत असावी, कारण बंद झाल्यावर वर्षभर, सप्टेंबर २००९ पर्यंत, खाजगी समारंभांसाठी तो उघडत होते. म्हणजे आधी पैसे ठरले की तो परवडत होता. तिकीट लावायचं धाडस कोणी केलं नाही.

मामा पुन्हा तिकडे जाणार असेल तर त्याला सांगा की डिस्ने स्प्रिंग्जमध्ये पाण्याकाठी जॉक लिंडसीज हँगर बार आहे. भिंतीवरच्या सामानात अ‍ॅडव्हेंचरर्स क्लबच्या खुणा पेरलेल्या आहेत, निवांत शोधाव्या लागतात. मॅजिक किंगडममध्ये २०१५ च्या शेवटी उघडलेल्या स्किपर कँटीन या रेस्टॉरंटाने तर एका चॉकलेट केकलाच कुंगालूश नाव दिलं होतं. आणि रॅगलन रोडला जाणार असेल तर टेबल आधी राखून ठेव म्हणावं, दुपारी दोनलासुद्धा.